परदेशी मोटार आणि आपला रस्ता

सोनाळ्याहून वरवट बकालच्या बाजूने शेगावला जाणारा रस्ता आज डांबरी आहे. माझे आजोबा तरुण होते तेव्हा तो धुळीचा होता. सातपुड्याच्या पायथ्याशी पिकलेला कापूस त्या रस्त्याने शेगावच्या जिनांकडे जायचा. बहुतेक माल बैलगाडीने जाई, थोडा ट्रकने. १९४८ सालच्या हिवाळ्यात आजोबा अशाच एका ट्रकवर क्लीनर होते. ट्रक अमेरिकन होता. लढाई संपल्यावर सैन्याने विकून टाकलेल्या, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘डिस्पोजल’च्या मालातला. इंजिन दणकट, चाके भक्कम. फक्त एक गोष्ट आपल्या रस्त्याला धरून नव्हती. त्याचे सुकाणू डाव्या बाजूला होते.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. पुढे कडब्याने भरलेली बैलगाडी असली, तर तिला उजवीकडून ओलांडावे लागते. चालक उजवीकडे बसलेला असेल, तर त्याला मान थोडी बाहेर काढली की पलीकडचा रस्ता दिसतो. पण चालक डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला बसलेला असला, तर त्याच्यासमोर फक्त कडबाच! पलीकडचे पाहायचे तर निम्मी गाडी रस्त्याच्या मध्यावर आणावी लागते. म्हणून त्या ट्रकवर उजव्या बाजूला क्लीनर बसायचा, पाहायचा आणि ओरडून सांगायचा, “जाऊ द्या” किंवा “थांबा”. त्या गाडीचे डोळे म्हणजे माझे आजोबा.

एके दिवशी धुरळ्यात त्यांना समोरून येणारी प्रवासी मोटार दिसली नाही. “जाऊ द्या” म्हणाले. ट्रक बाहेर निघाला, समोर मोटार आली, चालकाने झटकन डावीकडे घेतले आणि बैलगाडी नालीत लोटली गेली. माणसे वाचली, पण एका बैलाचा पाय मोडला आणि तो बैल गेला. ट्रकमालकाने थोडे पैसे दिले. उरलेले त्या गाडीवानाने सावकाराकडून काढले. आजोबांनी ट्रक सोडला तो कायमचा. म्हातारपणीही सांगायचे, “माह्या तोंडातून ‘जाऊ द्या’ निघालं, अन् त्याचा बैल गेला.”

आता प्रश्न असा, की चूक कोणाची? आजोबांची, हे ते स्वतः म्हणत. मला मात्र पुढे शिकता शिकवता असे वाटू लागले, की चूक त्या यंत्राच्या जागेची होती. ज्या देशासाठी ते यंत्र घडले होते, त्या देशात ते निर्दोष होते. आपल्या रस्त्यावर ते न बदलता आणले गेले, आणि बदल न करण्याची किंमत एका शेतकऱ्याने भरली. परदेशी मोटार दुसऱ्या देशात विकताना तिच्यात काय काय बदलावे लागते, का बदलावे लागते, आणि आपल्या मुंबईत हे काम कसे झाले, ते आज सांगतो.

अमेरिकेत जन्मलेली गाडी

प्रथम मूळ गाडी पाहू. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. ती शेतकऱ्यांची गाडी होती. तिची चासी जमिनीपासून उंच, कारण अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते तेव्हा आपल्यासारखेच चाकोऱ्यांचे होते. इंजिन मोठे, सुमारे २.९ लिटरचे, कारण पेट्रोल तिथे स्वस्त होते आणि अंतरे लांब होती. सुकाणू डावीकडे, कारण तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. म्हणजे गाडीचा प्रत्येक अवयव त्या देशाच्या जमिनीने, बाजाराने आणि कायद्याने ठरवलेला.

आपल्या वखराचेच पाहा ना. पायथ्याच्या बरड रानात चालणारी पास पूर्णाकाठच्या काळ्या भारी जमिनीत तशीच चालत नाही. लोहाराला सांगून ती बदलून घ्यावी लागते. वखर तोच, पण रान वेगळे. मोटारीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की मोटारीच्या बाबतीत जमिनीबरोबर सरकारचा करही बदल करायला लावतो.

फळ्यावर मांडण्याजोगे एक गणित

शिक्षक बंधुभगिनींना हा भाग विशेष उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड असा कर बसला. पण ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजत नसत. ती एका सूत्राने काढत. इंजिनाच्या नळकांड्याचा, म्हणजे सिलिंडरचा, व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे. झाली कराची अश्वशक्ती.

मॉडेल टीचा सिलिंडर ३.७५ इंच व्यासाचा आणि सिलिंडर चार. ३.७५ चा वर्ग १४.०६२५, त्याला ४ ने गुणले की ५६.२५, आणि २.५ ने भागले की २२.५. म्हणजे वर्षाला तेवीस पौंड कर! गाडी खरी ताकद देणार सुमारे २० अश्वशक्तीची, आणि कर साडेबावीसचा. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, इंग्लंडात ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली गाडी निघाली. नावाप्रमाणे तिचा कर सातआठ अश्वशक्तीचा. मग सामान्य माणूस कोणती घेईल?

या सूत्रात एक चमत्कारिक गोष्ट आहे, ती मुलांना विचारून पाहा. सूत्रात व्यास आहे, पण दट्ट्याच्या चालीची लांबी नाही. म्हणजे सिलिंडर बारीक ठेवला आणि चाल लांब ठेवली, तर कर कमी बसतो आणि इंजिन मात्र अगदीच दुबळे होत नाही. म्हणून इंग्लंडात पुष्कळ वर्षे बारीक सिलिंडरची आणि लांब चालीची इंजिने बनत राहिली. ती रचना यंत्रशास्त्राला सोयीची म्हणून नव्हे, तर कर वाचावा म्हणून. कायद्याची एक ओळ यंत्राचा आकार कसा बदलते, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकन कंपन्यांनी मग काय केले? फोर्डने १९२७ च्या अखेरीस ‘मॉडेल ए’ आणली. तिचा मूळ सिलिंडर ३.८७५ इंचांचा, म्हणजे कराची अश्वशक्ती २४. युरोपसाठी तिचीच ‘एएफ’ नावाची आवृत्ती काढली. बाहेरून गाडी तीच, पण सिलिंडरचा व्यास सुमारे ३.०५ इंच. गणित करून पाहा, १४.९ येते. कर चोवीस पौंडांवरून पंधरावर आला. पण अंगाने तेवढीच जड असलेली गाडी आता लहान इंजिनाने ओढायची. चढावर तिचा दम कमी पडणारच. क्रायस्लर कंपनीनेही लंडनजवळ क्यू येथील आपल्या कारखान्यातून बारीक सिलिंडरच्या इंजिनाच्या गाड्या विकल्या आणि त्यांना त्या जागेचेच ‘क्यू’ हे नाव दिले.

नुसत्या ठिगळाने काम भागत नाही, हे पुढे फोर्डच्या लक्षात आले. १९३२ मध्ये त्यांनी खास युरोपसाठी ‘मॉडेल वाय’ ही लहान गाडी आणली. ती आठ अश्वशक्तीच्या कराची होती आणि लंडनच्या पूर्वेस डॅगनहॅम येथील कारखान्यात बनत होती. १९३५ मध्ये तिची किंमत शंभर पौंडांवर आणली गेली. जनरल मोटर्सने दुसरा मार्ग धरला. त्यांनी तिथल्या कंपन्याच विकत घेतल्या. १९२५ मध्ये इंग्लंडची व्हॉक्सहॉल आणि १९२९ मध्ये जर्मनीची ओपेल. म्हणजे परक्या देशात माल विकण्याच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिली, आहे तो माल थोडा बदलून विकणे. दुसरी, त्या देशासाठी वेगळा माल तयार करणे. तिसरी, त्या देशातलेच घर घेऊन तिथलेच होऊन राहणे. व्यासावरचा तो कर पुढे रद्द झाला आणि १९४८ पासून तिथे नव्या मोटारींना सरसकट दहा पौंड कर लागू झाला. पण तोवर एक पिढी त्या गणिताने घडली होती.

दिवे, काटे आणि स्प्रिंगा

कर झाला, आता बारीकसारीक गोष्टी. बारीकसारीक म्हणतो खरे, पण रात्रीच्या रस्त्यावर जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो.

दिवा घ्या. मोटारीचा पुढचा दिवा खाली केला, की त्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्याच्या आपल्या कडेकडे वळावा अशी काचेची आखणी असते. उजव्या अंगाने चालणाऱ्या देशाचा दिवा उजवीकडे झुकतो. तोच दिवा आपल्याकडे लावला, तर तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून सुकाणूची बाजू बदलली की दिव्याची काचही बदलावी लागते. फ्रान्समध्ये तर १९३६ च्या कायद्यानंतर पुढचे दिवे पिवळे असावे लागत आणि हा नियम १९९३ पर्यंत टिकला. अमेरिकेत मागचा वळण्याचा दिवा लाल असला तरी चालतो. युरोपात तो नारिंगी हवा, म्हणजे थांबण्याच्या लाल दिव्यात आणि वळण्याच्या दिव्यात गोंधळ होत नाही. अमेरिकन गाडी युरोपात विकायची तर मागचे दिवेही बदलणे आले. वेगाचा काटा मैलांऐवजी किलोमीटर दाखवणारा बसवावा लागे.

मग स्प्रिंगा. खराब रस्त्यांच्या देशांसाठी जादा पट्टीच्या, कडक स्प्रिंगा दिल्या जात. धुळीच्या देशांसाठी तेलात हवा गाळणारी गाळणी बसवली जाई. पेट्रोल हलक्या प्रतीचे असेल, तर इंजिनाचा दाब कमी ठेवावा लागे. हे का, तेही सांगतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण फार दाबले आणि पेट्रोल हलके असले, तर ते नीट जळत न जाता ठिकठिकाणी एकदम भडकते. इंजिनातून खटखट असा आवाज येतो आणि दट्ट्यावर हातोड्याचे घाव बसतात. म्हणून निर्यातीच्या गाड्यांना पुष्कळदा कमी दाबाचे इंजिन देत. ताकद थोडी कमी, पण आयुष्य जास्त.

पेटीतून आलेली मोटार

अख्खी मोटार जहाजात घातली तर ती जागा फार अडवते, आणि जहाजाचे भाडे जागेवर ठरते. शिवाय बहुतेक देश तयार गाडीवर जास्त जकात आणि सुट्या भागांवर कमी जकात घेत, कारण सुटे भाग आले की जोडण्याचे काम आपल्या माणसांना मिळते. म्हणून मोटारी पूर्ण सुट्या करून लाकडी पेट्यांत भरून पाठवण्याची रीत पडली. फोर्डने १९११ मध्येच इंग्लंडात मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड पार्क येथे जोडणीचे काम सुरू केले होते. जनरल मोटर्सने १९२४ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगनला जोडणी सुरू केली, नंतर बेल्जियममध्ये अँटवर्पला. १९३६ मध्ये तर घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडमधील बील या गावीही कारखाना निघाला.

हीच पेटी मुंबईच्या बंदरातही उतरली. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये हिंदुस्थानात आपली शाखा काढली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे जोडणी केली. ही शाखा अमेरिकेच्या नव्हे, तर कॅनडाच्या फोर्ड कंपनीची होती. कॅनडाची फोर्ड कंपनी १९०४ मध्ये निघाली होती आणि इंग्लंड सोडून बाकीच्या ब्रिटिश साम्राज्यात गाड्या विकण्याचा हक्क तिला होता. यात व्यापारी हिशेब सरळ आहे. साम्राज्यातल्या अनेक देशांत वाहने डाव्या अंगाने चालत. उजव्या सुकाणूच्या गाड्या एकाच ठिकाणाहून गेल्या तर काम सोपे होई, आणि साम्राज्यातल्या देशांत एकमेकांच्या मालाला जकातीची सवलतही मिळू शके.

जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. १९२८ च्या डिसेंबरात तिथून पहिली शेव्हरोलेट बाहेर पडली. पेट्या उघडायच्या, चासीचे सांगाडे मांडायचे, इंजिन बसवायचे, अंग चढवायचे, रंग द्यायचा. ट्रक तर बहुधा नुसत्या चासीच्या रूपात विकले जात आणि त्यांच्यावर लाकडी साटा चढवण्याचे काम आपले सुतार करत. म्हणजे ‘अमेरिकन’ ट्रकचा निम्मा देह सागवानी आणि देशी असे.

सुकाणू उजवीकडे नेणे दिसते तेवढे सोपे नाही. चाक उचलून पलीकडे बसवले असे होत नाही. सुकाणूची दातेरी पेटी उजव्या दांडीवर न्यावी लागते. क्लच, ब्रेक आणि वेग यांचे पाय उजवीकडे आणावे लागतात. तिथे आधीच धुराचा नळ किंवा स्टार्टर बसलेला असेल, तर त्याला वाट काढून द्यावी लागते. कसबी आखणीकारांनी मग समोरची फळी अशी आखली, की काट्यांची जागा आणि सामानाच्या कप्प्याची जागा यांची अदलाबदल करता यावी. तरी कुठे तरी मूळचे राहूनच जाई. उदाहरणार्थ, काच पुसणारे दांडे डावीकडच्या चालकासाठी बसवलेले. पावसात त्यांनी पुसलेली काच क्लीनरच्या समोर स्वच्छ आणि चालकाच्या समोर एक कोपरा धूसर!

कुर्ल्याचा कारखाना आणि एकाच गाडीची तीन नावे

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचे नाव आपण साखर, जहाजे आणि विमाने यांच्या संदर्भात ऐकतो. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याला कारखाना काढला. १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या.

इथे एक गंमत आहे. रस्त्यावर तेव्हा ‘प्लिमथ’, ‘डॉज किंग्सवे’ आणि ‘डिसोटो डिप्लोमॅट’ अशा तीन नावांच्या गाड्या दिसत. लोक त्यांच्यात डावेउजवे करत. खरे पाहता तिन्हींचे मूळ एकच, प्लिमथ. बाहेरदेशी क्रायस्लरच्या मालाची दुकाने वेगवेगळ्या नावांची होती, तेव्हा प्रत्येक दुकानाला स्वस्तातली एक गाडी हवी. म्हणून त्याच गाडीच्या तोंडावरची जाळी आणि नावाची पट्टी बदलून ती द्यायची. अंग एकच, कपाळावरचा टिळा वेगळा. ट्रकमध्येही डॉज आणि फार्गो हे असेच जवळचे भाऊ. ही फसवणूक होती असे मी म्हणणार नाही, पण बियाण्याच्या दुकानात एकाच वाणाच्या तीन रंगीत पिशव्या पाहतो तेव्हा मला किंग्सवे आणि डिप्लोमॅट आठवतात. पट्टी वाचावी, पण झाकण उघडून पाहावे.

आपल्या देशाने या अमेरिकन गाड्यांत आणखी एक बदल करायला लावला. पेट्रोलवर चालणारा मोठा ट्रक आपल्या मालवाहतुकीला परवडेना. म्हणून या ट्रकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसू लागले. घरची मोटारही अमेरिकन आकाराची परवडेना. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून १९५० नंतरच्या दशकात लहान फियाट गाड्या बनवायला घेतल्या. त्याच वंशातली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४ च्या सुमारास आले आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती आपल्या सर्वांच्या डोळ्यांत बसली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. अमेरिकन करारातून निघालेल्या कारखान्याची सर्वांत लाडकी गाडी इटालियन निघाली, ती आपल्या खिशाच्या मापामुळे.

जोडणे आणि घडवणे

आता जरा अवघड गोष्ट. १९५३ मध्ये भारत सरकारच्या जकात आयोगाचा मोटारधंद्यावरचा अहवाल आला. सरकारने ठरवले, की ज्यांच्याजवळ गाडीचे भाग इथे घडवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, नुसते पेटीतून काढून जोडणाऱ्यांनी नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी जोडणीचे काम बंद केले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला.

याच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. शिवडीत पंचवीस वर्षे काम केलेल्या जोडाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल? त्याच्या चुलीला ‘स्वदेशी’ शब्दाने जाळ लागत नव्हता. पण दुसरे असे, की पेटीतून आलेला भाग जोडणाऱ्याला तो भाग का तसा आहे हे कोणी सांगत नाही. स्प्रिंग कोणत्या पोलादाची, दाते किती कठीण, हे ज्ञान पेटीत येत नाही. तुटले की पुन्हा बोटीची वाट पाहायची. जो स्वतः घडवतो त्यालाच बदलता येते. घडवायला लागल्यावर आपल्या गाड्या पुष्कळ वर्षे जुन्याच आकाराच्या राहिल्या, गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागले, हेही खरे. पण भाग बनवणारे हजारो लहान कारखाने त्या काळात उभे राहिले, आणि पिंपरी-चिंचवडची ओळख त्यांनीच घडवली.

जीपचेच उदाहरण घ्या. ती तर आपल्या खेड्यांना मोटारीपेक्षा जास्त माहीत. तहसीलदार आले की जीप, साथीचे डॉक्टर आले की जीप, निवडणूक आली की जीप. महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप १९४९ च्या सुमारास मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या. आधी पेटीतून, मग हळूहळू भाग इथे घडवून. तिच्या एका नमुन्याचे बॉनेट उंच दिसते, कारण त्याखालचे इंजिन उंच होते. अमेरिकेत तो नमुना बंद झाला, पण आपल्याकडे कितीतरी वर्षे चालू राहिला. उजवे सुकाणू आणि पुढे डिझेल इंजिन घेऊन ती जीप इतकी आपली झाली, की ती कोणे काळी परदेशी होती हे लोक विसरून गेले.

उलटी गंगा

हा प्रवास एकाच दिशेने झाला नाही. जनरल मोटर्स कंपनी पुढे भारतात परत आली आणि २००८ मध्ये पुणे जिल्ह्यात तळेगावला तिचा कारखाना सुरू झाला. तिथून २०१४ मध्ये शेव्हरोलेट बीट ही लहान गाडी चिली देशाला जाऊ लागली, पुढे मेक्सिकोलाही. हे देश उजव्या अंगाने चालणारे. म्हणजे तळेगावच्या आपल्या पोरांनी सुकाणू डावीकडे बसवून गाड्या अमेरिका खंडात पाठवल्या! २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, तरी ही निर्यात चालू होती. २०२० च्या डिसेंबरात तिथले उत्पादन थांबले आणि तोच शिवडीचा प्रश्न कामगारांच्या घरात पुन्हा उभा राहिला. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. पुणे जिल्ह्यातच रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनू लागली आणि जपान, ऑस्ट्रेलिया अशा डाव्या अंगाने चालणाऱ्या देशांना गेली. अमेरिकन नावाची गाडी दुसऱ्या देशाच्या रस्त्याला जुळती करून देण्याचे काम आता आपल्या मराठी मुलखात होते.

आपण काय घ्यावे

मोटार घेणारे आपल्यात थोडे असतील. पण यंत्र घेणारे पुष्कळ आहेत. मळणीयंत्र, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे अवजार, बाहेरून आलेले जुने इंजिन, काहीही असो. ते घेताना किमतीच्या आधी चार प्रश्न विचारा. हे कोणत्या जमिनीसाठी, कोणत्या रस्त्यासाठी घडले? आपल्याकडे मिळणारे इंधन आणि वीज याला चालेल काय? आपल्या मालाचे ओझे आणि आपली धूळ हे सोसेल काय? आणि तुटले तर भाग कुठे मिळेल, दुरुस्त कोण करील?

पाचवी गोष्ट कायद्याची. गाडीत स्वतःच्या मनाने मोठा फेरबदल करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेला सोडून गाडी बदलता येत नाही, आणि ज्या बदलांना परवानगी आहे तेही नोंदवून घ्यावे लागतात. त्याच कायद्याचे १२० वे कलम सांगते, की डाव्या सुकाणूची गाडी इशारा देणारे चालू स्थितीतले यंत्र बसवल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. कारण असे, की डावीकडे बसलेल्या चालकाचा हात उजवीकडून येणाऱ्याला दिसत नाही. मी हे कलम वाचले तेव्हा मला वरवट बकालचा तो रस्ता आठवला.

शिक्षकांना एक विनंती. वर दिलेले कराचे सूत्र वर्गात जरूर करून घ्या. मुलांना दशांशाचा गुणाकार येईल हे तर झालेच. त्याबरोबर त्यांना हेही विचारा, की आपल्या गावात बाहेरून आलेली कोणती वस्तू जशीच्या तशी वापरली जाते आणि कोणती आपण बदलून घेतली. मुले लोहाराकडे जातील, गॅरेजात जातील, घरी आजीला विचारतील. त्या उत्तरांतून जे शिक्षण होईल ते पुस्तकात सापडणार नाही.

आजोबांनी सांगितलेल्या त्या गाडीवानाचा दुसरा बैल पुढे बरीच वर्षे जगला. त्याला जोडी मिळेपर्यंत त्या घरात पेरणीला शेजाऱ्याचा बैल मागून आणावा लागला. सुकाणू कोणत्या बाजूला आहे ही गोष्ट कागदावर लहान दिसते. त्या घरात ती एका पेरणीएवढी मोठी होती.